मिलनगावी एकटीच

ग्रुपचं नाव अजून ‘चौकडी’च आहे, कुणी बदललं नाही. जानेवारीत चौघींनी उड्या मारत हो म्हटलेलं. स्कॉटलंडचा वेस्ट हायलंड वे, म्हणजे पायी चालायची लांबलचक वाट, १५४ किलोमीटर, आठ दिवस. मग एप्रिलमध्ये पहिली विकेट पडली (गुडघा), मेमध्ये दुसरी (नवीन जॉब, सुट्टी नाही), आणि तिसरी मात्र शेवटपर्यंत "दोघी तर दोघी, जाऊया" म्हणत होती. निघायच्या आदल्या रात्री पावणेअकराला तिचा फोन आला तेव्हा मी ग्लासगोच्या हॉस्टेलमध्ये सॅक भरून बसलेले, आणि स्क्रीनवर नाव बघूनच कळलं.

ती येत नाही याचा राग नंतर आला, आधी आठवला तो टेंट. वजन वाटून घ्यायचं म्हणून पोल आणि पेग माझ्याकडे, कापड सगळं तिच्याकडे. म्हणजे मी स्कॉटलंडच्या पावसात काठ्या घेऊन झोपणार होते! सकाळी दुकान उघडायच्या आधीच दारात जाऊन उभी राहिले, त्यातल्या त्यात स्वस्त असा एकटीपुरता टेंट घेतला आणि ते पोल हॉस्टेलच्या लगेज रूममध्ये टाकून ट्रेन पकडली.

सुरुवातीच्या गावाचं नाव वाचाल तर मिलनगावी, म्हणतात मात्र ‘मलगाय’. तिकीट काढताना मी अगदी स्पष्ट ‘मिलनगावी’ म्हटलं आणि खिडकीतल्या बाई हसल्या. मिलन कुणाशी होणार होतं देव जाणे, तिथल्या दगडी स्तंभापाशी फोटो काढायलासुद्धा कुणी नव्हतं, शेवटी कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांना सांगितलं तर त्यांनी माझे पाय कापून कुत्रा छान घेतला.

पहिला दिवस ड्रिमन गावापर्यंत, साधारण १९ किलोमीटर. रस्ता चुकायची भीती फुकट होती, जिकडेतिकडे खांबांवर काटेरी थिसलच्या फुलाची खूण आहे. मगडॉकचं जंगल, मग समोर डमगॉइनचा टेकाड, मग जुन्या बंद पडलेल्या रेल्वेलाइनवरून सपाट चाल. एकटीचा प्रॉब्लेम वेगळाच निघाला, थांबूया म्हणणारं कुणी नाही! चौघी असतो तर कुणालातरी भूक लागली असती, कुणालातरी झाडामागे जायचं असतं. मी आपली दोन वाजेपर्यंत चालतच राहिले आणि मग एका फाटकाशी डोकं गरगरलं तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून पाणीपण धड प्यायलेलं नाही. पुढे दर तासाचा अलार्मच लावला.

संध्याकाळी कॅम्पसाइटवर टेंट लावताना मिजेस आले, म्हणजे चिलटांहून बारीक किडे, ढगच्या ढग. जून असल्यामुळे दहा वाजले तरी उजेड, त्यामुळे माझा टेंट दोनदा कोसळला तो शेजारच्यांना नीट दिसला. दोघं जण उठून आले, न विचारता एकेक कोपरा धरला.

दुसऱ्या दिवशी कॉनिक हिलवर चढले. दम लागलेला, पण समोर लॉक लोमंड तलावातली बेटं एका सरळ रेषेत, डोंगराळ हायलंड आणि सखल लोलँड वेगळे करणारा भूगर्भातला मोठा भ्रंश (खडकातली भेग) तिथूनच जातो म्हणे आणि ती बेटं त्याच रेषेवर. फोटो ग्रुपवर टाकला. तिघींचे बदाम आले, आणि तिसरीचा वेगळा मेसेज: "सॉरी गं. ते पोल कुठे टाकलेस? टेंट दादाचा आहे."