पिंगीचा पहिला हंगाम : ससा सोडून देण्याची अक्कल

ऑक्टोबर

पिंगी माझी नवी फेरेट. फेरेट म्हणजे सशांना बिळातून हुसकायला पाळतात तो मुंगसासारखा दिसणारा लहान प्राणी. ती मे महिन्यातली, म्हणजे आता पाच महिन्यांची. अंगाने भरली आहे, रंग पोलकॅटचा, म्हणजे फेरेटच्या जंगली भाईबंदाचा, डोळ्यांवरचा काळा पट्टा ठसठशीत उतरलाय. बागेतल्या पाइपातून ती आता बिनधास्त जाते. चार इंची ड्रेन पाइपाचे तुकडे जोडून, मध्ये दोन वळणं आणि एक बंद टोक ठेवून मी हे खोटं बीळ केलं आहे. ज्यांच्याकडे नवी पिल्लं आहेत त्यांनी हे कराच, असा माझा आग्रह आहे.

बिळात शिरायला फेरेटला कुणी शिकवत नाही. अंधारं भोक दिसलं की तो आत जाणारच, ते त्याच्या रक्तात आहे. शिकवायचं असतं ते बाहेर येणं. बिळाच्या तोंडाशी नाक काढून बसायचं, हात पुढे आला की परत आत सरकायचं, या खोडीला इथले, इंग्लंडमधले, जुने लोक स्कल्किंग म्हणतात. ही खोड बहुतेक वेळा माणसानेच लावलेली असते. फेरेटचं डोकं दिसलं रे दिसलं की घाईने झडप घालायची, आणि त्याला कळतं की बाहेर आलं की पकडतात. म्हणून पिंगी पाइपातून बाहेर आली की मी हात हलवतच नाही. ती पुरती बाहेर येते, अंग झटकते, माझ्या बुटाला वास घेऊन जाते, मग वरून, खांद्यांमागून, सावकाश उचलायची आणि लगेच सशाच्या मांसाचा एक तुकडा द्यायचा. रोज संध्याकाळी हेच.

मांस सशाचंच का, हेही सांगतो. फेरेटची पिल्लं डोळे उघडायच्या आधीच मांस चघळायला लागतात, पण खाण्याच्या वासाचा ठसा पक्का बसतो तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास. राइमुंड आप्फेलबाख या जर्मन शास्त्रज्ञाने 1970च्या दशकात यावर काम केलं. त्या कोवळ्या वयात ज्या भक्ष्याचा वास नाकात बसतो, त्याच्याच मागे पोलकॅट मोठेपणी जातो, असं त्यातून दिसलं. त्यामुळे त्या आठवड्यांत पिंगीला कोरडं खाणं जवळजवळ दिलंच नाही. केसांसकट ससा दिला. ठसा उमटवायची ही संधी एकदाच मिळते.

नोव्हेंबर

पहिलं कडक दव पडलं, चिडवणीची पानं काळी पडून बसली, कुंपणाखालची तोंडं दिसायला लागली. शेत हॅम्पशायरमधलं, खडूच्या जमिनीचं. नुकत्याच उगवलेल्या गव्हाची कड सशांनी दहा पावलं आतपर्यंत खरवडून टाकलेली. 1954च्या पेस्ट्स अ‍ॅक्टखाली जवळजवळ सगळ्या इंग्लंडमध्ये सशांना आवर घालणं ही जमीन कसणाऱ्याची जबाबदारी ठरते, त्यामुळे मालक आनंदाने या म्हणतात. तरी मी परवानगी लेखीच घेतो, आणि तुम्हीही घ्या. (गावाकडे फोटो पाठवला की सगळे विचारतात, मुंगूस पाळलंस का? मुंगसाचं कूळ वेगळं, याचं वेगळं. आणि भारतात सशाची शिकार कायद्याने बंद आहे. तिथे हा छंद नको.)

पहिल्या दिवशी पिंगी खोक्यातच ठेवली आणि ठकूला पुढे केलं. ठकू माझी जुनी जिल (फेरेटची मादी), पांढरी, लाल डोळ्यांची. तिला तोंडाशी धरलं की ती आधी मान लांब करून हवा ओढते. आत ससा असेल तर शेपटी बाटलीच्या ब्रशासारखी फुलते आणि ती हातातून निसटून आत जाते. नसेल तर एखाद-दुसरं पाऊल आत टाकून मागच्या मागे बाहेर येते आणि दुसऱ्या तोंडाकडे चालू लागते. बाहेर ताज्या लेंड्या असोत, माती उकरलेली असो, मला शंभर टक्के खात्री असो, ठकूने नाही म्हटलं की नाही. मी जाळी काढून घेतो. हे कुठलंही यंत्र सांगू शकत नाही.

पिंगीला दुसऱ्या कुंपणाशी सोडली, चारच तोंडांच्या लहान बिळात. चारही तोंडांवर पर्स नेट, म्हणजे ससा आदळला की दोरीने आवळली जाणारी थैलीसारखी जाळी, खुंट्या पक्क्या ठोकलेल्या. ती गेली ती जवळजवळ धावतच. थोड्या वेळाने पायाखाली थप्प असा आवाज आला, तो कानांपेक्षा बुटाच्या तळव्यांनाच जास्त जाणवतो. सशाने मागचा पाय आपटून धोका सांगितला होता. लगेच कोपऱ्यातल्या जाळीत ससा आला, दोरी ओढली गेली आणि थैली बंद झाली. मी मान मोडून त्याला क्षणात संपवला. त्यात कधीही दिरंगाई करायची नाही. पिंगी मागोमाग बाहेर आली, जाळीतून सरळ पलीकडे गेली आणि गवतात वास काढत फिरू लागली. मागे वळून आत पळाली नाही. बागेतले ते सगळे महिने मला त्या एका चालीत दिसले.

डिसेंबर

या महिन्यात खरी गोष्ट कळते, म्हणून इथे जरा थांबतो.

फेरेटला ससा मारता येतो म्हणून आपण त्याला पाळत नाही. तो मारायला लागला की आपलं काम अडतं. ससा आत मेला तर फेरेट तिथेच खातो, झोपतो, आणि आपण कुदळ घेऊन खणत बसतो. आपल्याला हवा असतो पळालेला ससा. आणि ससा काही मूर्ख नाही. तो नेहमी पळत नाही. कधीकधी बंद टोकाच्या बोळात शिरतो, तोंड भिंतीकडे करतो आणि पाठ मागे ठेवून बोळ पूर्ण भरून टाकतो. मान आत, सुरक्षित. फेरेटला मारायला मानच लागते, पाठीवर चावून काही होत नाही. मग फेरेट खरवडायला लागतो.

ठकू एका मोठ्या बिळातून बाहेर आली तेव्हा मी तिचा पुढचा पंजा उलटा करून बघितला. नखांच्या बेचक्यात करडी बारीक लव अडकली होती, कापसाइतकी मऊ, मुळाशी निळसर. वरचे राठ केस नव्हे, कातडीजवळची आतली लव. म्हणजे ती सशाच्या पाठीशी बराच वेळ होती, खरवडून बघितलं, हलत नाही हे कळलं, आणि सोडून आली. मी तिला खोक्यात ठेवून जरा वेळाने त्याच तोंडातून परत सोडली. ती आत गेली, पण दुसऱ्या बाजूला वळली, आणि दोन ससे लागोपाठ बोल्ट झाले, म्हणजे बिळातून बाहेर पळाले. तो पहिला ससा बहुतेक अजूनही तिथेच आहे. असू दे.

आत शिरण्यासाठी जन्मजात ओढ पुरेशी आहे. सोडून येण्यासाठी अनुभव लागतो, आणि तो ज्याने पचवला त्यालाच मी कामाचा फेरेट म्हणेन. पिंगीकडे ही अक्कल अजून नाही. त्याच आठवड्यात ती अशाच एका बोळाशी अडकली. तिच्या गळ्यातल्या लोकेटर कॉलरचा (ती जमिनीखाली कुठे आहे ते सांगणाऱ्या पट्ट्याचा) सिग्नल एका जागी, हँडसेटवर खोली तीन फुटांच्या आसपास, आणि हलायचं नाव नाही. शेवटी खणलं. खडू आणि गारगोटी असलेली जमीन, म्हणजे तीन फूट सहासारखे लागतात. हात खाली घातला तर पिंगीची शेपटी हाताला लागली, पुढे सशाची ऊब. ती जिवाच्या आकांताने खरवडत होती, नखांना मातीचा चिखल. रागावण्यासारखं काहीच नव्हतं. तिचं वय आणि तिचा जोर दोन्ही तसेच आहेत.

जानेवारी

खणण्यावरून आठवलं. लोकेटर यायच्या आधी लोक लायनर ठेवायचे. मोठा ताकदवान हॉब (फेरेटचा नर), इतरांपासून वेगळा वाढवलेला, गळ्यात दोरी. जिल आत सशाला धरून बसली की त्याला सोडायचं, तो तिला हुसकून सशाचा ताबा घेतो आणि दोरीमागे दोरी खणत जायचं. दोरीवर ठरावीक अंतराने गाठी असायच्या, म्हणजे किती आत गेला ते कळायचं. हॉबच्या हेकटपणाचा इतका नेमका उपयोग करून घेणाऱ्या त्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि हा धंदा किती जुना! स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने सुमारे 2000 वर्षांपूर्वी स्पेनमधल्या सशांच्या उपद्रवाचं लिहून ठेवलं आहे : तोंड बांधलेले प्राणी बिळांत सोडतात, ते सशांना नखांनी ओढून बाहेर काढतात किंवा पळायला लावतात आणि बाहेर माणसं उभी असतात. नखांचा उल्लेख वाचून मी ठकूच्या पंज्याकडेच बघितलं. रोमन लेखक प्लिनीने तर बॅलेरिक बेटांवरच्या लोकांनी सशांविरुद्ध सम्राट ऑगस्टसकडे सैन्य मागितल्याचं नोंदवलं आहे.

या महिन्यात पिंगी ठकूबरोबर जोडीने सोडली. दोघी एकाच बिळात म्हणजे सशाला मागे वळायला जागा उरत नाही, आणि माझं निरीक्षण असं की पिंगी ठकूपाठोपाठ लवकर बाहेर येते. ठकूचं बघून शिकते का, की नुसता वास संपला म्हणून येते, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण एकदा ती एकटी असताना नखांत लव घेऊन स्वतःहून बाहेर आली. न खणता. त्या दिवशी मी तिला अंड्याचा बलक दिला, जो तिला सगळ्यात आवडतो.

सकाळी थोडं खायला देऊनच न्यावं, हेही इथे सांगून ठेवतो. उपाशी फेरेट जास्त चांगलं काम करतो हा समज अजून ऐकू येतो. उपाशी फेरेट आत मारून तिथेच जेवतो, इतकंच.

फेब्रुवारी

सशांच्या माद्यांच्या पोटात पिल्लं दिसायला लागली, तसं मी काम आवरतं घेतलं. मिक्झोमॅटोसिस हा सशांचा विषाणूजन्य रोग 1953 मध्ये केंटमध्ये पोचला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत देशातले बहुतेक ससे संपले. त्यानंतर सावरले, तर आता रक्तस्रावी रोग या सशांच्या दुसऱ्या साथीने पुन्हा कित्येक भागांत घटलेत. पूर्व इंग्लंडमधल्या ब्रेकलँडसारख्या ठिकाणी तर गवत आखूड राहावं म्हणून लोक सशांना परत आणायची धडपड करताहेत. आमच्या शेताच्या एका बाजूचं कुंपण मी मुद्दाम सोडलं आहे आणि मालकांनाही ते पटलंय.

एक अभ्यास आवर्जून वाचा. 2012 मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी पाळीव फेरेट, कुत्रे आणि जंगली रक्ताचे म्युस्टेला (फेरेटच्याच प्रजातीगटाचे) संकर यांची तुलना केली. माणसाने खूण केलेल्या भांड्याकडे जाण्यात फेरेट कुत्र्यांच्या रांगेत बसले, संकर मागे राहिले. अनोळखी माणसापेक्षा मालकाच्या डोळ्यांत फेरेट जास्त वेळ बघू शकले, संकरांमध्ये हा फरक दिसला नाही. बिळाच्या तोंडाशी थांबून पिंगी जेव्हा वर बघते आणि मी पलीकडच्या तोंडाकडे बोट करतो, तेव्हा ती जाते. आधी मला तो योगायोग वाटायचा.

आता प्रश्न माजाचा. फेरेटमध्ये जोड लागल्याशिवाय बीज सुटत नाही, आणि माजावर राहिलेल्या जिलच्या रक्तात इस्ट्रोजेन वाढत जाऊन ती पंडुरोगाने मरू शकते. त्यामुळे मार्चच्या आत ठरवावं लागेल. ठकूसाठी व्हेटकडून माज थांबवणारं इम्प्लांट घेणार आहे. पिंगीची पिल्लं घ्यावीत असं मनात आहे, पण तिचा आणखी एक हंगाम बघून. तुमच्यापैकी कुणी जिलला पहिल्या वर्षी विऊ देऊन दुसऱ्या वर्षी कामाला लावली असेल, तर बिळात थांबण्याच्या सवयीत काही फरक पडला का, ते मला जरूर कळवा.