समई का लावता? तुम्ही विचारलंत म्हणून

विद्यापीठाच्या कार्यक्रमात समई कशाला, सरस्वतीची तसबीर कशाला, हा प्रश्न वर्षातून चार-दोनदा येतोच. आणि ज्या वर्षी दोन्ही नसतं त्या वर्षी उलटा येतो: दीपप्रज्वलन का गाळलंत? विचारणारे दोन्हीकडचे. आयोजकांना काही कळत नाही, एवढ्यावर मात्र त्यांचं एकमत.

समई कळते हो. अडीच फुटी, पाच वातींची. तेल ओतायचं ते ती मंचावर जागेवर ठेवल्यानंतर. भरलेली उचलली की गालिच्यावर डाग, तो जात नाही. काठाखाली बोटभर जागा सोडायची. वाती अर्धा तास आधी तेलात भिजत टाकायच्या. कोरडी वात भडकते, काजळते आणि बसते. भिजलेली पेटायला वेळ लावते. पाहुणे ओणवे, मागून छायाचित्रकार ‘सर, इकडे बघा’, आणि वात काही धरत नाही. म्हणून टोकं चिमटीत पिळून त्यांवर कापराची पूड लावायची, तीही अगदी शेवटच्या पाच मिनिटांत, कारण कापूर उडून जातो. मेणबत्तीला पुठ्ठ्याची चकती, नाहीतर मेण कुलगुरूंच्या बोटांवर. समईखाली परात. वरचा पंखा बंद करायचं सगळ्यांच्या लक्षात असतं, एसीचा झोत कुणाच्याच नाही. पदरांवर नजर ठेवायला एक माणूस वेगळा.

हे सगळं करून वर उत्तर ठरलेलं: ही पूजा नव्हे, रीत आहे. राज्यघटनेचं कलम २८ धार्मिक शिक्षण आणि उपासनेबद्दल बोलतं, दिव्याबद्दल नाही. पदवीदानाचा काळा झगा युरोपातल्या धर्मगुरूंच्या पेहरावातून आला, त्यावर कुणी हरकत घेतं का? हे मी इतक्यांदा ऐकवलंय की ऐकवताना दुसरीकडे वाती मोजता येतात.

पण कार्यक्रम संपल्यावर समईपाशी थांबून बघा. शिपाई फुंकर मारत नाही. ‘विझवा’ असंही कुणी म्हणत नाही, ‘शांत करा’ म्हणतात. फुलाच्या देठाने वात तेलात ओढली जाते. पेटवताना पाहुण्यांनी चपला काढलेल्या असतात, आणि निवेदक माइकवर स्वच्छ ‘प्रतिमापूजन’ म्हणालेला असतो. नुसती रीत असती तर फुंकर चालली असती. तेव्हा ते उत्तर अर्धंच खरं होतं, हे मान्य.

मग सरस्वतीऐवजी सावित्रीबाई ठेवा, वाद मिटला, असं सुचवणारे भेटतात. मिटत नाही.

३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, एक महाविद्यालय. टेबलावर तसबीर, हार, उदबत्ती, आणि ताटात हळद-कुंकू. ते का? गेल्या वर्षीच्या यादीत होतं म्हणून. यादी कुणी वाचत नाही, पुढच्या वर्षासाठी उतरवून घेतात. प्राचार्यांनी काचेवर कुंकू लावलं, ताट पुढे सरकलं. मराठीच्या विभागप्रमुख बाईंपाशी आलं. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेलेले. त्यांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं, क्षणभर धरलं आणि शेजारच्या नव्या प्राध्यापिकेकडे दिलं. ‘तू लाव गं.’ कुणी काही बोललं नाही. त्या मुलीने लावलं. बाईंनी नंतर लांबून एक फूल वाहिलं, आणि त्याच कार्यक्रमात त्यांचंच भाषण होतं. जोतीरावांनी १८६३ मध्ये काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाबद्दल त्या बोलल्या, विधवांच्या बाळंतपणांबद्दल, तिथे सावित्रीबाईंनी केलेल्या कामाबद्दल. चांगलं बोलल्या. १८९० मध्ये जोतीराव गेले, त्यानंतर सावित्रीबाई सहा वर्षं जगल्या, हे वाक्य आलं तेव्हा सभागृहात खोकलासुद्धा नव्हता. मागे तसबिरीच्या काचेवर ओलं कुंकू थोडं ओघळलेलं.

त्या दिवशी टेबलावर सरस्वती नव्हतीच. ताट सरस्वतीचं होतं.

हल्ली रोपाला पाणी घालून उद्घाटन करतात. करा. पण कुंडीखाली ताटली हवी आणि तांब्यात पाणी पेलाभरच. भरला तांब्या पाहुणे पूर्ण रिकामा करतात, आणि कुंडीमागेच माइकचा एक्स्टेन्शन बोर्ड असतो. शिवाय त्या तांब्यालाही कुणीतरी हळद-कुंकवाची बोटं ओढून आणतंच, बहुधा स्वखुशीने.

तर समई का? आवडते म्हणून, हे एक उत्तर. सभागृहातले दिवे मंद करून पाच ज्योती लागल्या की पाचशे पोरं गप्प होतात, हे दुसरं. ज्याला हात लावायचा नाही त्याने लावू नये, त्याचं नाव आधी विचारून यादीतून काढावं, मंचावर आयत्या वेळी मेणबत्ती पुढे करू नये. निवेदकाच्या कागदावर ‘पूजन’ खोडून ‘अभिवादन’ लिहावं. ताटात हळद-कुंकू नको. हे जमतं. बाकीचं तुम्हीही भांडा, आम्हीही भांडतो.

वाती शांत करायला एक फूल मात्र हारातून काढून बाजूला ठेवलेलं असतं. ते कशासाठी, असं अजून कुणी विचारलेलं नाही.