रेडीची खाण, जगाची कड

मेल्यावर माणूस एका ट्रॅव्हल एजंटसमोर जाऊन बसतो. गाठीशी पुण्य असेल तर झकास गाडीचं तिकीट, नसेल तर चार वर्षं पायपीट. १९९८ साली आलेल्या 'ग्रिम फँडँगो' या गेमची ही दुनिया. त्यातला एजंट मॅनी पुढे समुद्राच्या तळावरून (मेलेल्याला बुडायची कसली भीती!) जगाच्या कडेला पोचतो. तिथे पोवळ्याची खाण, आणि तिच्यात राबणारे कैदी आत्मे. मावसभाऊ २०१५ ची नवी आवृत्ती खेळत होता. खाण दिसताच म्हणाला, "दादा, हे तर आपलं रेडी!"

एवढ्यावर आम्ही दिवाळीनंतरच्या रविवारी सिंधुदुर्गातल्या रेडीला, लोहखनिजाच्या खाणीच्या गावाला, निघालो.

सावंतवाडी स्टेशनवरून रेडीला थेट गाडीची वाट बघत बसू नका. आधी शिरोडा गाठा, तिथून रेडी चार-पाच किलोमीटर. शिरोड्यात उसळ-पाव खाऊन घ्या, पुढे पोटाची सोय बेभरवशाची. वाटेत मिठागरं लागतात. १९३० साली मिठाचा सत्याग्रह इथेही झाला.

रेडी जवळ आल्याचं रस्ताच सांगतो. कडेची पानं लाल, कुंपणं लाल, पायातले बूट तर दहा मिनिटांत लाल. लोहखनिजाची धूळ. रिक्षावाले काका आमची 'खाण बघायची' इच्छा ऐकून हसले. "भुतूर सोडूचे नाय. आणि सोडल्यानी तरी जाव नकात." फाटकावरच्या माणसाने खरंच सोडलं नाही. नंतर एका जुन्या खड्ड्याच्या वरून हिरवं पाणी बघायला मी पुढे सरकलो आणि पायाखालची माती घसरली. भावाने शर्ट धरला म्हणून हे लिहितोय. काकांचं ऐका.

बघायचंच असेल तर खाणीतला गणपती बघा. १९७६ साली एका ट्रकवाल्याला स्वप्नात दृष्टांत झाला, खणलं तर दोन हातांची भलीमोठी मूर्ती निघाली, असं सांगतात. मागाहून उंदीरही सापडला. गेमच्या खाणीतून आत्म्यांना पळून जायची धडपड, इथे देव स्वतःच "बाहेर काढा" म्हणतो! भावाला हा फरक भलताच आवडला.

खरी जगाची कड मात्र रेडीच्याच यशवंतगडावर आहे. खाडीच्या तोंडाशी, झाडांच्या मुळांनी आवळलेले तट, खोल खंदक, आणि आत चिटपाखरू नाही. १८१९ मध्ये इंग्रजांनी घेतला, त्यानंतर जणू कोणी फिरकलंच नाही. आम्ही तासभर बसून होतो, बोललो फारसं नाही. फुल पँट घाला, झाडोऱ्यात सापांचा भरवसा नाही. पाणी सोबत न्या. पावसाळ्यात दगड शेवाळलेले असतात, तेव्हा नकोच.

वेळ उरला तर तेरेखोल. किल्ला गोव्यातला, पण नदीच्या आपल्या बाजूला, त्यामुळे रेडीहून सरळ रस्त्याने जाता येतं. पुलाची, फेरीची भानगड नाही. आम्हाला उशीर झाला होता, बाहेरूनच बघून फिरलो.

परतीची रिक्षा सकाळीच ठरवून ठेवा, दर आधी बोलून. आम्ही ठरवली नव्हती. अंधारात शिरोड्यापर्यंत चालत आलो. भाऊ म्हणाला, चार वर्षांपेक्षा बरं.

पांढरे बूट घालू नका. माझे तीनदा धुतले, अजून गुलाबीच आहेत.