चौथी पिन

"काका, नवं ग्राफिक्स कार्ड टाकलं तरी गेम अडकतोय."

कॉम्प्युटरचं कॅबिनेट दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा असलेला कॉलेजातला मुलगा. असे आठवड्याला दोन-तीन तरी येतात. मी नेहमीचे प्रश्न विचारले, त्याने नेहमीची उत्तरं दिली. मधेच तो म्हणाला, "पहिली पाच-सात मिनिटं बरं चालतं. मग अडकायला लागतं." हे मी जॉबकार्डवर लिहून घेतलं. माझ्याच अक्षरात आहे, आत्ता लिहिताना समोर आहे. लिहून घेतलं आणि पुन्हा त्याकडे बघितलं नाही.

गिऱ्हाईक हल्ली रोगाचं नाव ठरवूनच येतं. "बॉटलनेक आहे", म्हणजे एक भाग बाकीच्यांना अडवतोय, हे त्यातलं सर्वांत लाडकं. कुठल्याशा पानावर प्रोसेसर आणि कार्डाचं नाव टाकलं की तुमची अडचण इतके टक्के असा आकडा मिळतो. गेम कुठला, रेझोल्यूशन काय, याचा त्या आकड्याशी काही संबंध नसतो. या मुलानेही तो आकडा फोनमध्ये जपून ठेवला होता. मी हसलो. हसायला नको होतं, कारण दुपारपर्यंत मीही त्याच निष्कर्षाला पोचलो होतो, फक्त जास्त ऐटीत.

मशीन ओळखीच्या जातीचं. कोअर आय-५ ४४६०, म्हणजे २०१४ चा प्रोसेसर. चार कोअर, चारच थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. बोर्ड एच-८१ चिपसेटचा, रॅमला दोनच स्लॉट, त्यातल्या एकात आठ जीबीची पट्टी आणि दुसऱ्यात धूळ. आधी यात जीटीएक्स ७५० टीआय होतं. त्या कार्डाबद्दल आमच्या धंद्यात प्रत्येकाला थोडं ममत्व असतं. साठ वॅटचं काम, वेगळी पॉवर केबल लागत नाही, कुठल्याही ऑफिसातून उतरवलेल्या डब्यात टाका आणि खेळा. मुलगा त्यावर जीटीए फाइव्ह खेळायचा, मजेत. मग दीड-दोन वर्षांपूर्वी तोही अडकायला लागला. कार्ड म्हातारं झालं असं त्याला वाटलं, आणि सुट्टीत काम करून त्याने नवं घेतलं. आता त्याला सायबरपंक २०७७ खेळायचा होता.

सकाळची कामं पटापट उरकली. गेम हार्ड डिस्कवर होता, तो एसएसडीवर हलवला. हा गेम २०२० मध्ये आला तेव्हा तिसऱ्या पिढीच्या आय-५ लाही किमान यादीत जागा होती. २०२३ मध्ये २.० अपडेट आलं आणि तोच गेम किमान आय-७ ६७०० आणि एसएसडी मागायला लागला. गेम तोच, खोकं तेच, उंबरठा मात्र वर सरकला. लोकांना हे पटत नाही; त्यांना वाटतं आपलंच मशीन आळशी झालंय. एसएसडीची केबल सहा गिगाबिटच्या पोर्टात आहे ना ते बघितलं, कारण या बोर्डावर दोन पोर्ट वेगवान आणि दोन निम्म्या वेगाचे असतात आणि केबल हटकून चुकीच्या जागी सापडते. रॅमची जोडी पूर्ण केली. डीडीआर-३ १६०० ची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी वाहते, दोन चॅनेल मिळाले की दुप्पट. आमच्या हेल्परचं म्हणणं, विंडोज फॉरमॅट मारूया. त्याचं कुठल्याही दुखण्यावर हेच म्हणणं असतं.

मग मला ते सापडलं, ज्याचा मला अभिमान वाटला.

नव्या कार्डाची कंपनी आणि नंबर लिहीत नाही. चार जीबीचं आहे एवढं पुरे. बाहेरून बघितलं तर पूर्ण लांबीचा कनेक्टर, सोळा लेनच्या, म्हणजे डेटाच्या सोळा वाटांच्या, स्लॉटमध्ये ऐटीत बसतो. पण आत जोडलेल्या लेन चारच. हे खोक्यावर ठळक कोणी छापत नाही. नव्या बोर्डावर त्याने फार बिघडत नाही, कारण पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या चौथ्या पिढीत चार लेनमधूनही सेकंदाला आठ जीबीच्या जवळपास जातं. एच-८१ बोर्ड मात्र दुसऱ्या पिढीवरच थांबलेला. तिथे एका लेनला साधारण ५०० एमबी, चार लेनचे दोन जीबी. कार्डाची स्वतःची चार जीबी मेमरी भरली की उरलेलं टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) मुख्य रॅममध्ये जाऊन पडतं आणि दर वेळी त्या बोळातून आणावं लागतं. तलाव भरलेला, घरात पाणी येतं ते मात्र बोटभर नळातून.

जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून हेल्परला दाखवलं. नुसतं बघून चालत नाही, मशीन निवांत असताना कार्ड लिंकचा वेग आपणहून उतरवतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट सुरू करायची, मग खरा आकडा दिसतो. दिसला. चार लेन, दुसरी पिढी. मी त्याला दहा मिनिटं व्याख्यान दिलं. टेक्स्चरची सेटिंग दोन पायऱ्या खाली आणली, मेमरी चार जीबीच्या आत राहिली, आणि फ्रेमच्या वेळेच्या आलेखातले मोठे सुळके गेले. सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, मी बघतच नाही; एका फ्रेमला किती वेळ लागला तो फ्रेमटाइम बघतो. साठ फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. एकोणसाठ फ्रेम वेळेवर आल्या आणि एक दहापट उशिरा आली, तर सरासरी गोड दिसते आणि हाताला झटका बसतो.

सुळके गेले, पण गेम पंचवीस फ्रेमवर रांगत होता. मग आमची नाडीपरीक्षा केली: रेझोल्यूशन १०८० वरून ७२० वर पाडलं. कार्डावर ताण असेल तर फ्रेम वाढायला हव्यात. एकही वाढली नाही. कार्ड अर्धं रिकामं बसलेलं, प्रोसेसर शंभर टक्के. म्हणजे अडचण प्रोसेसरची. चार थ्रेडचा २०१४ चा प्रोसेसर, आजचा गेम. यात विचार करण्यासारखं काय आहे?

आता इथे थांबून सांगतो. ती परीक्षा बरोबर होती. उत्तरही बरोबर आलं होतं. प्रोसेसरच अडवत होता. तो *का* अडवतोय, हे मात्र मी परीक्षेला विचारलंच नाही. ते मला आधीपासून माहीत होतं ना. तापमान बघितलं होतं का? बघितलं होतं, सकाळी, डेस्कटॉपवर, गेम बंद असताना. अठ्ठेचाळीस अंश. गेमच्या वेळी स्क्रीनच्या कोपऱ्यात मी मोजक्याच ओळी ठेवतो: फ्रेमटाइम, कार्डाचा वापर, मेमरी, प्रोसेसरचा वापर. गर्दी नको म्हणून तापमान आणि क्लॉकच्या, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाच्या, ओळी मीच कधीतरी काढून टाकल्या होत्या.

मुलाला फोन केला. म्हटलं, कार्ड राहू दे, बोर्डही राहू दे, माझ्याकडे उतरवलेल्या मशीनचा आय-७ ४७९० पडलाय. तेच सॉकेट, चार कोअरला आठ थ्रेड, ३.६ गिगाहर्ट्झ. तो टाकू. तो लगेच हो म्हणाला. त्यांचा विश्वास असतो.

कूलर काढायला बसलो. हा प्रोसेसरसोबत खोक्यातून येणारा गोल पंखा, चार पायांचा. प्रत्येक पायाला एक काळी पिन, तिच्या डोक्यावर बाण. पिन बाणाच्या दिशेने पाव वळण फिरवली की सैल होते आणि वर ओढता येते. पहिली फिरवली, ओढली. दुसरी, तिसरी. चौथी, वरच्या कोपऱ्यातली, फिरवायला बोट लावलं आणि ती तशीच हातात आली. न फिरवता.

बसवताना ही पिन दाबली की दोन गोष्टी व्हायला लागतात. पांढऱ्या प्लास्टिकचा चिरलेला पाय बोर्डाच्या भोकातून आरपार जायला हवा, आणि काळी पिन त्या पायात शिरून त्याला मागच्या बाजूने फाकवायला हवी. टक् असा आवाज येतो, पण पाय अर्धवट गेला तरी जवळपास तसाच आवाज येतो. खात्री एकाच जागी होते, बोर्डाच्या पाठीमागे. आणि या कॅबिनेटच्या पत्र्याला मागे खिडकी नाही. खात्री करायची तर बोर्ड पूर्ण बाहेर काढायचा: नऊ स्क्रू, सगळ्या केबल, आणि पुढच्या बटणांच्या त्या मुंगीएवढ्या वायरी.

कूलर उचलला. खाली प्रोसेसरच्या झाकणावर उष्णता कूलरकडे नेणाऱ्या पेस्टची चंद्रकोर होती. खालच्या बाजूला धातूला धातू नीट टेकलेला, पातळ करडा थर. वरच्या बाजूला पेस्ट जशी घातली तशीच, जाड, वाळून भेगाळलेली. तिला कूलरचा कधी स्पर्शच झाला नव्हता. कूलर इतके दिवस तीन पायांवर लोंबकळत होता. डेस्कटॉपवर, सिनेमा बघताना कळणार नाही. गेम सुरू झाला, बंद डब्यात कार्डाची उष्णताही साठली की पाच-सात मिनिटांत प्रोसेसर शंभर अंशांना भिडणार आणि जीव वाचवायला स्वतःचा वेग उतरवणार.

हेल्पर म्हणाला, "कोणी बसवलाय हा? हातच तोडले पाहिजेत."

मी बाजूचा पत्रा उचलला. आतल्या बाजूला आमचा पांढरा स्टिकर. साफसफाई, नवी पेस्ट, तारीख, खाली माझं आद्याक्षर. तारीख दोन वर्षांपूर्वीची. मुलगा तेव्हा आला नव्हता, त्याचे वडील आले असावेत. मला काही आठवत नाही. आठवण्यासारखं त्या दिवशी काही घडलंच नसणार. बोर्ड बाहेर काढायचा कंटाळा केला असणार, एवढंच.

खरं सांगायचं तर पाच मिनिटं मोह झाला. आय-७ हातात होता. तो टाकायचा, ताजी पेस्ट, चारही पिना नीट, आणि फ्रेम दुपटीच्या वर. मुलगा खूश, आय-७ ची वाहवा, माझी वाहवा. कोणालाही काही कळलं नसतं. मुलगा येण्याच्या आधी हेल्परने स्टिकर वाचला होता, पण तो गप्प बसला असता.

बोर्ड बाहेर काढला. जुना आय-५ च परत बसवला. पिनांची डोकी उलटी फिरवून जागेवर आणली, एकमेकांसमोरच्या कोपऱ्यांनी दाबल्या, बोर्ड उलटा करून चारही पाय फाकलेले बोटाने चाचपले. सगळं जोडून पंचवीस मिनिटं गेम चालवला, या वेळी तापमानाची ओळ लावून. एकाहत्तर अंश. क्लॉक ३.२ च्या खाली उतरला नाही. फ्रेम चाळीस-बेचाळीस. गर्दीच्या चौकात अजूनही ठेचा लागत होत्या. त्या मात्र खरोखर चार थ्रेडच्या होत्या. मग आय-७ टाकला. पन्नासच्या वर गेला, ठेचा बऱ्याच कमी झाल्या, आणि आता कार्ड अडवायला लागलं. म्हणजे पंचवीस ते बेचाळीस माझी पिन, बेचाळीस ते पन्नास वय. एका मशीनपुरता हिशोब लागला.

ज्या मशीनचा नाही लागला, त्यांचं काय करू? कारण प्रोसेसर बदलताना कूलर निघतोच, पेस्ट नवी लागतेच, धूळ जातेच. मशीन सुसाट सुटतं आणि श्रेय नव्या भागाला जातं. जुना भाग परत बसवून कोण बघतं? मी पहिल्यांदाच बघितला, आणि तोही स्टिकर दिसला म्हणून. मागच्या फळीवर असे उतरवलेले आय-५ एका डब्यात पडलेत. त्यातले किती खरंच थकले होते?

संध्याकाळी मुलगा आला. त्याला पिन दाखवली, चंद्रकोरीचा फोटो दाखवला, स्टिकरही दाखवला. म्हटलं, हे माझ्या हातचं आहे. आय-७ चे काही देऊ नकोस. तो रागावेल असं धरून मी तयारीत उभा होतो. तो फोटो मोठा करून बघत राहिला.

"म्हणजे काका, जीटीए अडकायचा तो पण यामुळेच?"

"हो."

"तरीच," तो म्हणाला. "जुनं कार्ड मी मामेभावाला दिलं ना. त्याच्याकडे मस्त चालतंय."

मग त्याने विचारलं, टेक्स्चर एक पायरी वर नेलं तर चालेल का. मी नको म्हणालो, लेनचं कारण सांगितलं, त्याने निम्मं ऐकलं. कॅबिनेट छातीशी धरून तो गेला. जॉबकार्डावर "बिघाड" च्या रकान्यात मी "कूलरची पिन" लिहिलंय. त्याच्या शेजारी "कारण" असा रकाना आहे, तो भरल्याशिवाय फाइल करायची नाही असा नियम मीच केलेला. जॉबकार्ड अजून टेबलावर आहे.