पेन दिसतंय का?

इंग्लंडात नोव्हेंबर २०२० मध्ये दुसरा लॉकडाउन लागला तेव्हा माझं मृत्युपत्र टाइप होऊन पडलं होतं. अडलं होतं ते सहीवर. १८३७ च्या कायद्याप्रमाणे दोन साक्षीदार समोर हवेत. नवरा घरातच होता, पण सगळं त्यालाच द्यायचं होतं. त्याने साक्ष दिली असती तर मृत्युपत्र टिकलं असतं, त्यातून त्याला मात्र छदामही मिळाला नसता. खिडकीबाहेरून पाहिलेलंही चालतं, पण आम्ही चौथ्या मजल्यावर! मग सप्टेंबरातल्या नव्या दुरुस्तीचा आधार घेतला: व्हिडिओ कॉलवर साक्ष. साक्षीदार माझ्या दोन मैत्रिणी, दोघी दोन गावांत.

वकीलबाईंनी बजावलं होतं, नुसता चेहरा दिसून भागणार नाही, हात आणि कागदही दिसला पाहिजे. लॅपटॉपचा पडदा खाली कलवला की माझं डोकं गायब, वर केला की कागद. शेवटी लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर चढवला. पहिलं पान कॅमेऱ्याला दाखवलं, मग सहीचं. "पेन दिसतंय का?" एकीचं चित्र गोठलेलं. थांबले. ती हलली, "दिसतंय" म्हणाली, तेव्हा सही केली. रेकॉर्डिंग चालू होतं, पण ते नंतर बघून साक्ष होत नाही. सही होताना थेट पाहावी लागते.

खरी कटकट पुढेच. दोघींनी त्याच कागदावर शाईने सही करायची. म्हणजे पाकीट आधी एकीकडे, मग दुसरीकडे, आणि दर वेळी नवा कॉल, कारण त्यांची सही मी पाहायची. कागद शक्यतो चोवीस तासांत पोचवा, असं सरकारी सूचनेत होतं. आमचे पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत मी गेले असते तर मृत्युपत्र झालंच नसतं. जिना उतरताना कठडा सोडला नाही!

पहिलीचा फोन आला, "पाकीट आलं गं, टाकू सही करून?"

"नको! पेन खाली ठेव!" मी इतक्या जोरात ओरडले की नवरा अर्ध्या आंघोळीतून बाहेर आला.

ही सवलत ३१ जानेवारी २०२४ ला संपली. मुखत्यारपत्राला तर ती कधी नव्हतीच. त्याची सही लॉकडाउननंतरच्या उन्हाळ्यात बागेतल्या बाकावर झाली. कागद उडू नयेत म्हणून मैत्रिणीने वर थर्मास ठेवला होता.