२९५ मीटर आणि लसणाच्या चटणीची बाटली

"वहिनी, या वेळी नायगरा-बियगरा काही नाही, तुम्हाला होडीतून जंगलात नेतो," असं भावजी दिवाळीत व्हिडिओ कॉलवर म्हणाले तेव्हा मी फराळाचे डबे भरत होते आणि मला वाटलं होडी म्हणजे आपली गेटवे ते मांडवा टाइप, तिकीट काढा, बसा, वेफर्स खा, उतरा. भावजी टोरंटोजवळ राहतात. तिथून वर तीनेक तास गाडीने गेलं की अल्गॉन्क्विन पार्क लागतं, १८९३ साली झालेलं, साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर. मी मुलुंडच्या घरात बसून हिशोब केला तर त्यात आपली अख्खी मुंबई, शहर आणि उपनगरं धरून, बारा वेळा बसते. आणि आत फिरायला येणाऱ्यांसाठी रस्ते जवळपास नाहीतच. तळी आहेत, दोन हजारांवर. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर कॅनूने. कॅनू म्हणजे सोळा-सतरा फुटी लांबट उघडी होडी, ना इंजिन ना शीड, आपण वल्ही मारायची, तंबू त्यातच, शिधा त्यातच, पोरंबाळं त्यातच.

"आणि तळं संपलं की?" मी विचारलं.

"मग होडी डोक्यावर घ्यायची आणि पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. पोर्टेज म्हणतात."

मी चिवड्याचं झाकण लावलं आणि फोन नवऱ्याकडे दिला.

पण खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच. गणपतीच्या आधी परत यायचं, पोरांची शाळा फार बुडवायची नाही, आणि तिकडे मे-जूनमध्ये काळ्या माश्या नि डास माणसाला उचलून नेतात म्हणे, म्हणून ऑगस्टचा मध्य ठरला. मोठा तलाव नको, पहिल्यांदाच जातोय तर सोपा मार्ग हवा, म्हणून कॅनू लेकच्या धक्क्यावरून निघायचं, चार-पाच किलोमीटर उत्तरेला वल्हवत जायचं, तिथे एक छोटा बांध आहे, त्याला वळसा घालून पलीकडे 'जो लेक' नावाचं तळं, तिथे दोन रात्री मुक्काम. मधलं पोर्टेज २९५ मीटर. हे आकडे तिथे नकाशावर आणि जागेवर पिवळ्या पाटीवर चक्क लिहिलेले असतात, मीटरमध्ये. २९५ ऐकून आम्ही सगळे हसलो होतो. एवढं तर आम्ही भाजी आणायला जातो.

बुकिंग माझ्याकडे आलं कारण भावजींची सकाळची ड्यूटी. तिकडे आत राहायच्या जागा पाच महिने आधी उघडतात, सकाळी सातला, आणि उन्हाळ्यातल्या वीकेंडच्या जागा आयआरसीटीसीच्या तत्काळसारख्या जातात. मी सगळं नीट केलं होतं, वहीत लिहिलं होतं, त्यांचे सात म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. १५ मार्चला पाचलाच चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसले, अगदी अंगारा लावायचा तेवढा बाकी होता, साडेपाचला क्लिक केलं तर जो लेक फुल्ल. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात. म्हणजे त्यांचे सात आपल्या साडेचारलाच वाजून गेले होते, आणि मी तेव्हा गॅलरीत कपडे वाळत घालत होते. नवरा काही बोलला नाही. न बोलण्याची पण एक पद्धत असते त्याची. मग वीकेंडचा नाद सोडून रविवारी पोचायचं ठरवलं आणि दोन दिवसांनी ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभी राहून मोबाईलवरून बरोब्बर चार तीसला जागा मिळवली. ती रिसीट मी अजून डिलीट केलेली नाही.

एका जागेवर जास्तीत जास्त नऊ माणसं चालतात. आम्ही चौघं, भावजींकडचे तिघं, झाले सात. आठव्या आमच्या सासूबाई. यावरून घरात पंधरा दिवस कुजबुज चालली होती, अडुसष्ट वय, गुडघे, तंबूत जमिनीवर झोपणं, त्यात संडास म्हणजे जंगलात खड्ड्यावर झाकणवाली लाकडी पेटी, उघड्यावर, चार भिंती नाहीत, तिला थंडर बॉक्स म्हणतात. मला वाटलं हे ऐकून त्याच नको म्हणतील. आईंचं माहेर मालवणकडचं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे कुठे होत्या गो भिंती? आणि होडीत तुम्ही कोण बसलायत आत्तापर्यंत? मी शाळेत तरीतून जायचे." विषय संपला.

खरं प्लॅनिंग इथून पुढे. भावजींनी एकच नियम पाठवला, की जे घ्याल ते स्वतः उचलून २९५ मीटर चालायचं, जाताना आणि येताना, आणि होडी वेगळी. होडी वीसेक किलोची. विमानात दोन बॅगा तेवीस-तेवीस किलोच्या चालतात म्हणून आपण भरतो तसं इथे चालत नाही हे मला पटायला एक रविवार लागला. त्या रविवारी आम्ही सोसायटीत रंगीत तालीम केली. सगळं सामान भरलं, होडीच्या जागी मुलांच्या खोलीतली गादी गुंडाळून नवऱ्याच्या डोक्यावर, आणि गेटपासून रिक्षा स्टँडच्या पुढे वाण्याच्या दुकानापर्यंत गेलो, मोबाईलवर मोजून, तीनशे मीटर. एका खेपेत निम्मं सामान पण गेलं नाही. धाकटी अर्ध्या वाटेत बॅगेवरच बसली. तीन खेपा झाल्या म्हणजे चाललो किती तर जाताना तीन, येताना दोन, दीड किलोमीटर, मे महिन्यात. वॉचमन आधी गप्प बघत होता, तिसऱ्या खेपेला म्हणाला, "मॅडम, शिफ्टिंग है तो टेम्पो मंगवा दूँ?"

घरी येऊन अर्धं सामान बाहेर काढलं. माझे तीन जीन्स (ओली जीन्स वाळत नाही, पावसाळ्यात लोकलने जाणाऱ्या बाईला हे कुणी सांगायला नको होतं खरं तर), पोरांचा कॅरम, नवऱ्याचा स्पीकर, माझा हेअर ड्रायर. हो, हेअर ड्रायर. सवयीने टाकला होता. राहिलं काय तर प्रत्येकी दोन जोड कपडे, रेनकोट, एक ताडपत्री, स्वेटर आणि माकडटोप्या, कारण तिथे ऑगस्टमध्ये पण रात्री दहा-बारा डिग्री होतं. तंबू, स्लीपिंग बॅगा, स्टोव्ह, पाण्याचा फिल्टर भावजींकडे. लाइफ जॅकेट मात्र माणशी एक लागतंच, तो तिथला कायदाच आहे, शिवाय शिट्टी, पाणी उपसायचं भांडं आणि फेकायची पंधरा मीटर दोरी.

आता खाणं. यावर मी स्वतंत्र वही केली होती. तिथे आत नेताना टिनचे डबे आणि फेकायच्या बाटल्यांना बंदी आहे, म्हणजे दुकानातली काचेची लोणच्याची बाटली बाद, परत परत वापरायचा डबा चालतो. आणि दुसरं म्हणजे अस्वलं. काळी अस्वलं आहेत तिथे, ती माणसाच्या नादी सहसा लागत नाहीत पण वासाच्या लागतात, म्हणून सगळं खाणं, भांडी, अगदी टूथपेस्टसकट एका पिशवीत घालून रात्री झाडाला टांगायचं, जमिनीपासून चार मीटर वर आणि खोडापासून दोन मीटर लांब. आता तुम्ही मला सांगा, मराठी घराचा शिधा म्हणजे दुसरं काय असतं वासाशिवाय. नवऱ्याला सुका जवळा न्यायचा होता. मी म्हटलं ने, पण मग तू त्या पिशवीखाली झोप. शेवटी मेनू असा: थालीपिठाची भाजणी, घरी भाजलेल्या रव्याचा उपमा (मोहरी-कढीपत्त्याची फोडणी घालूनच भाजायचा, तिथे फक्त उकळतं पाणी), मुगाची डाळ-तांदूळ भाजून मसाला लावून ठेवलेली खिचडी, मेतकूट, गूळपापडी, शेव, आणि आईंची लसणाची चटणी. सगळं जेवणवार पिशव्यांत, वर मार्करने "सोमवार सकाळ" वगैरे. ही आयडिया माझी आणि ती इतकी कामाची निघाली की जाऊबाईंनी पण मान्य केलं, आणि त्या सहजासहजी करत नाहीत.

टांगायची प्रॅक्टिस बिल्डिंगमागच्या बदामावर. दोरीला वजन बांधून फांदीवरून फेकायची असते. चार मीटर म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या वर. पहिल्या दोन फेकी सामंत काकूंच्या कपड्यांच्या दांडीवर, तिसरी फांदीवर गेली, आणि दगड बांधलेला मोजा तिथेच दोन फांद्यांच्या बेचक्यात असा अडकला की ओढू तेवढा घट्ट. मोठा वर चढतो म्हणाला, मी नको म्हटलं. दोरी कापली.

वल्हवायला एक दिवस पवनेच्या तलावावर गेलो. तिथे कयाक मिळाली, तिचं वल्हं दोन्हीकडे पात्याचं, कॅनूचं एकाच बाजूला, पण पाण्याची भीती जायला तेवढं पुरलं. एक गोष्ट मात्र भावजींनी फोनवर समजावली होती ती प्रत्यक्ष कॅनूत बसल्यावरच कळली, की पुढचा फक्त जोर लावतो, दिशा मागचा ठरवतो. मागचा उजवीकडे वल्हं मारत राहिला तर होडी डावीकडे वळत जाते, म्हणून प्रत्येक फटक्याच्या शेवटी पातं किंचित बाहेर ढकलायचं. आम्ही नवरा-बायको एका होडीत, तो मागे. पहिला अर्धा तास कॅनू लेकवर आम्ही ज्या चकल्या पाडल्या त्या माझ्या दिवाळीच्या चकल्यांपेक्षा गोल होत्या.

आई मधे बसल्या होत्या, खाली, पाय पसरून, वजन खाली राहावं म्हणून. "उभं राहू नका आणि कठडा धरू नका," एवढंच दर दहा मिनिटांनी.

या तळ्यावरच टॉम थॉमसन नावाचा चित्रकार १९१७ च्या जुलैमध्ये कॅनू घेऊन निघाला आणि आठ दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला, कसा गेला यावर अजून वाद आहेत. सराईत वल्हवणारा होता तो. हे मी निघायच्या आदल्या रात्री वाचलं आणि कुणालाच सांगितलं नाही. किनाऱ्यावर त्याचं स्मारक आहे, भावजींनी हौसेने होडी तिकडे वळवली आणि मोठ्याने गोष्ट सांगितली. धाकटीने लाइफ जॅकेटची बक्कलं परत तपासली.

पोर्टेज मुलुंडच्या तालमीपेक्षा सोपं गेलं. वाट रुंद, सावली, आणि दोनच खेपा. भावजी होडी उलटी करून खांद्यावर घेऊन निघाले की मागून फक्त दोन पाय आणि एक भलंमोठं झुरळ चालल्यासारखं दिसत होतं. आई हातात वल्हं काठीसारखं धरून सगळ्यांच्या पुढे. मधे समोरून एक गोरं कुटुंब आलं, त्यांचा कुत्रा पण पाठीवर स्वतःची छोटी बॅग घेऊन, ते बघून आमच्या मोठ्याने गुपचूप दुसरी पिशवी उचलली.

जो लेकवर नारिंगी पाटी दिसली की समजायचं मुक्कामाची जागा. रात्रीचं काय सांगू. अंधार म्हणजे अंधार, मुलुंडला लोडशेडिंगमध्ये पण नसतो असा. आणि मग लून ओरडला. लून म्हणजे तिकडचा पाणपक्षी, त्यांच्या एक डॉलरच्या नाण्यावर तोच आहे म्हणून नाण्याला पण लूनी म्हणतात, पण नाण्यावरून आवाजाची कल्पना येत नाही. कुणीतरी लांबून रडतंय, मग हसतंय असं काहीतरी. धाकटी माझ्या स्लीपिंग बॅगेत शिरली ती दोन्ही रात्री तिथेच.

अस्वल आलं नाही. पिशवी पहिल्या फेकीत टांगली नवऱ्याने, आणि मागे वळून बघितलं की कोणी बघितलं का. दुसऱ्या रात्री टांगून झाल्यावर तंबूत मला लसणाचा वास आला. आईंच्या उशाशी अमृतांजनच्या बाटलीत चटणी. आठ तासांचं अंतर चालत नाही म्हणे त्यांना जेवणाशिवाय, आणि चिमूटभर चटणी नसली तर झोप लागत नाही. साडेदहाला टॉर्च घेऊन आम्ही दोघं परत त्या झाडाखाली, पिशवी खाली, बाटली आत, पिशवी वर. "काय बाई एवढासा वास," तंबूतून आवाज.

परतीच्या दिवशी दुपारी निघायची चूक केली. सकाळी तळं आरशासारखं असतं, दुपारी वारा उठतो, आणि मोठ्या पाण्यावर लाटा यायला लागल्या. काठाकाठाने, दगडांपासून चार हात लांब, वल्हं थांबवायचं नाही. जाताना दीड तास लागलेल्या अंतराला तीन तास लागले आणि त्या तीन तासांत कुणीही कुणाशी भांडलं नाही, एवढ्यावरून ओळखा.

मुलुंडला परत आलो तेव्हा गणपतीच्या मंडपाचे बांबू उभे राहत होते. दिव्यांची माळ बांधायला पोरं बदामावर चढली होती आणि त्यातल्या एकाने खाली उतरून सेक्रेटरींना विचारलं, वर मोज्यात दगड कुणी बांधून ठेवलाय, करणी-बिरणीचा प्रकार नाही ना. सेक्रेटरी काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. राखाडी मोजा, पोपटी पट्टी. नवऱ्याचा दुसरा मोजा तेव्हा गॅलरीत वाळत होता.