ड्यूक एलिंग्टनची शेक्सपिअर मंडळी

रविवार, रात्री

दुपारभर ड्यूक एलिंग्टन या अमेरिकन जॅझ संगीतकाराचा, त्याच्या बँडने वाजवलेला 'सच स्वीट थंडर' ऐकत होते. बारा तुकडे, सगळे मिळून पस्तीस-छत्तीस मिनिटं, त्यामुळे संपला की पुन्हा लावायला जड जात नाही. 1957 चा अल्बम, शेक्सपिअरवरचा. शेक्सपिअरवर संगीत म्हटलं की गंभीर चेहऱ्याची व्हायोलिनं डोळ्यांपुढे येतात. इथे पहिल्याच तुकड्यात ऑथेल्लो डेस्डेमोनाला आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतोय, आणि बँड असा डुलत, छाती काढून येतो की पोरगी भाळली यात काही नवल नाही. देवलांच्या झुंजाररावालासुद्धा, म्हणजे मराठी ऑथेल्लोला, ही चाल शोभली असती.

1956 च्या जुलैत हा बँड कॅनडात, ओंटारिओमधल्या स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअर महोत्सवात वाजवायला गेला होता. तिथून हे खूळ डोक्यात शिरलं. ड्यूक आणि त्याचा जोडीदार संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न, दोघांनी मिळून बारा तुकडे लिहिले आणि 28 एप्रिल 1957 ला न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये ते लोकांपुढे आले. नाव 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधलं. हिपोलिटा शिकारी कुत्र्यांच्या भुंकण्याचं कौतुक करते, तिथे हे 'गोड गडगडाट' येतात. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनांच्या ताफ्याला याहून नेमकं नाव कुठे मिळणार!

मला यात सगळ्यात आवडतं ते हे, की नाटकाची गोष्ट सांगायच्या भानगडीत दोघे पडलेच नाहीत. त्यांनी सरळ भूमिका वाटून टाकल्या. शेक्सपिअर स्वतः नाटक कंपनीतला भागीदार, कंपनीतला मुख्य नट बर्बेज काय करू शकतो हे बघून लिहिणारा. ड्यूकही कंपनीचा मालकच. माणसं आहेत ती ही एवढी, त्यांचे पगार चालू आहेत, आता यांना शोभेल असं काय लिहायचं? एका मालकाची अडचण दुसऱ्याला बरोबर कळली असणार. आपल्याकडेही खाडिलकर लिहायला बसायचे तेव्हा बालगंधर्वांचा गळा त्यांच्या कानात असणारच की.

म्हणून 'मिडसमर'मधल्या पक या खोडकर भुताची भूमिका ट्रम्पेटवाल्या क्लार्क टेरीला. रानात प्रेमिकांच्या जोड्या चुकतात तशा इथे वाद्यांच्या जोड्या, क्लॅरिनेटबरोबर व्हायोलिन अशा, एकमेकांच्या पायात पाय घालत फिरतात आणि टेरी वरून खोड्या काढतो. शेवटी तर तो ट्रम्पेटमधून चक्क वाक्य बोलतो, 'ही माणसं म्हणजे काय मूर्ख' हे पकचं प्रसिद्ध वाक्य. माहीत नसेल तर नुसती गंमत वाटते. माहीत असलं की अक्षर न् अक्षर ऐकू येतं आणि मी दर वेळी हसते.

लेडी मॅकबेथचं मात्र आधी पटलं नव्हतं. तीन मात्रांचा छान झुलता वॉल्ट्झ! हात धुऊन धुऊन राजाच्या खुनाचा डाग न जाणारी बाई ही? लेकीने तर स्वयंपाकघरातून विचारलं, ''आई, वाढदिवसाचं काही आहे का गं?'' पण आज वाटलं, बरोबर आहे. घरी राजा पाहुणा आलाय, मेजवानी आहे, यजमानीण हसतमुखाने फिरतेय. बाईंना काय करायचंय ते फक्त त्यांना ठाऊक.

'द टेलिकास्टर्स' हा सरळसरळ वात्रटपणा. मॅकबेथमधल्या तीन चेटकिणी आणि ऑथेल्लोतला इयागो एकाच तुकड्यात! नाटकं वेगळी, देश वेगळे, पण कान फुंकण्याचा धंदा एकच. तीन ट्रॉम्बोन म्हणजे चेटकिणी आणि इयागो म्हणजे हॅरी कार्नीचा बॅरिटोन सॅक्सोफोन. कार्नी 1927 पासून ड्यूकबरोबर. त्याचा तो खोल, मऊ आवाज ऐकून वाटतं, याच्यावर कुणीही विश्वास ठेवेल. म्हणून तर इयागो.

चार सुनीतंही आहेत, सीझर, पाचवा हेन्री, ऑथेल्लो आणि 'टेमिंग ऑफ द श्रू'मधली केट, म्हणजे आपली त्राटिका, यांच्यावर. केशवसुतांमुळे चौदा ओळींचा हिशेब आपल्याला ठाऊकच आहे. इंग्रजीत शिवाय दर ओळीला दहा अक्षरांचा नेम. तर या चारही तुकड्यांत मुख्य वाद्य दहा-दहा सुरांची चौदा वाक्यं वाजवतं. सीझरच्या वेळी जिमी हॅमिल्टनचं क्लॅरिनेट संथ आहे, तिथे मी बोटांवर मोजत बसले. हेन्रीच्या वेळी ब्रिट वुडमनचा ट्रॉम्बोन अशा लांब उड्या मारतो की मोजणं राहूनच गेलं.

'स्टार-क्रॉस्ड लव्हर्स'बद्दल लिहायचं टाळत होते. जॉनी हॉजेसचा आल्टो सॅक्सोफोन म्हणजे ज्युलिएट, पॉल गोन्साल्विसचा टेनर सॅक्सोफोन म्हणजे रोमिओ. ही चाल मुळात रोमिओ-ज्युलिएटसाठी केलेलीच नव्हती. स्ट्रेहॉर्नची जुनीच, 'प्रिटी गर्ल' नावाची, आणि ती इथे आणून बसवली. कळल्यावर क्षणभर खट्टू झाले, मग हॉजेसने तो सूर खालून अलगद ओढत वर नेला आणि तक्रार विसरले. (गोन्साल्विस नावामुळे तो वसईचा किंवा मडगावचा वाटतो. घराणं केप व्हर्डचं. नाव तिथेही पोर्तुगीजांनीच पोचवलेलं. 1963 मध्ये हा बँड भारतात आला, मुंबईतही वाजला.)

हॅम्लेटच्या तुकड्यात कॅट अँडरसन शेवटी ट्रम्पेट इतकं वर नेतो की आमच्या मोतीने कान टवकारले. वेड खरं की सोंग, हा आगरकरांच्या 'विकारविलसिता'पासून, म्हणजे मराठी हॅम्लेटपासून, चघळलेला प्रश्न. इथे उत्तर नाही, बँडच मध्येच रस्ता सोडून भलतीकडे वळतो आणि काही घडलंच नाही अशा थाटात परत येतो.

क्लिओपात्राच्या नौकेवरचा 'हाफ द फन' सुंदर आहे, पण ढोलाच्या त्या ठेक्यात हॉलिवूडचं इजिप्त जरा जास्तच आहे. शेवटचा 'सर्कल ऑफ फोर्थ्स' गोन्साल्विसची कसरत, सगळ्या पट्ट्यांतून धावून येतो. कौतुक वाटतं, जीव गुंतत नाही. मी बहुतेक वेळा त्याआधीच उठून पकपाशी परत जाते.

याच जोडीने 1960 मध्ये अमेरिकन लेखक स्टाइनबेकच्या 'स्वीट थर्सडे' कादंबरीवरून 'सूट थर्सडे' केलं. या आठवड्यात ते ऐकायचं, आणि आधी कादंबरी मिळते का बघायचं.